लायडनचा वैद्य आणि देवघरातल्या वस्तू



आपल्या बेटाला मॉरिशस हे नाव डच लोकांनी १५९८ साली दिले, हे आपल्या शाळेतले लहान मूलही सांगेल. त्यांनी येथले आबनुसाचे काळे लाकूड तोडून नेले, त्यांच्याच काळात डोडो पक्षी नाहीसा होत गेला, आणि १७१० साली ते बेट सोडून निघून गेले. डच लोकांचा धडा आमच्या वर्गात बहुधा येथेच संपतो. परंतु ज्या डच कंपनीची वसाहत आपल्या बेटावर होती, तिचीच एक वखार त्याच काळात जपानच्या नागासाकी बंदरात होती. त्या वखारीच्या रोजनिशीत १६४७ साली एक डोडो पक्षी बाताव्हियाहून तेथे पोहोचल्याची नोंद सापडली आहे. आपल्या बेटाचा पक्षी ज्या धक्क्यावर उतरला, त्याच ठिकाणी पावणेदोनशे वर्षांनी एक तरुण वैद्य उतरला. त्याचे नाव फिलिप फ्रान्त्स फॉन सीबोल्ट. जन्माने तो जर्मन, चाकरीने डच; कीर्ती मिळाली ती जपानमुळे, आणि त्याचे मोठे काम उभे राहिले ते हॉलंडमधील लायडन या गावी.

सीबोल्टचे नाव वनस्पतिशास्त्रात आहे, प्राणिशास्त्रात आहे, जपानच्या वैद्यकीच्या इतिहासातही आहे. आज आम्ही त्याच्या आयुष्याकडे एका निराळ्या बाजूने पाहणार आहोत. परक्या लोकांनी हाताने घडवलेल्या वस्तू, आणि त्यांत पूजेच्या व धर्मकार्याच्या वस्तूही, त्याने गोळा केल्या, त्यांची नावे व उपयोग लिहून घेतले, आणि सामान्य माणसाला पाहता येतील अशा मांडून ठेवल्या. या कामाची किंमत कोणी कोणी दिली, हेही त्याच्या चरित्रात वाचावयास मिळते.

बालपण आणि शिक्षण

सीबोल्टचा जन्म १७ फेब्रुवारी १७९६ रोजी जर्मनीतील व्यूर्झबुर्ग येथे झाला. घराणे नामांकित वैद्यांचे. फिलिप दोन वर्षांचा असतानाच वडील वारले. आईने त्याला वाढवले, आणि पुढे धर्मोपदेशक असलेल्या मामाने त्याच्या शिक्षणाकडे लक्ष दिले. १८१५ साली तो व्यूर्झबुर्गच्या विद्यापीठात दाखल झाला. तेथे शरीरशास्त्राचे प्राध्यापक डोलिंगर यांच्या घरीच तो राहत असे. त्या घरी वनस्पती, प्राणी, दूरदेशचे प्रवास यांच्या गोष्टी रोज चालत. १८२० साली त्याने वैद्यकीची पदवी घेतली आणि लहानशा गावी दवाखाना काढला. पण त्याचे मन तेथे रमेना.

घराण्याच्या ओळखीने त्याला डच सरकारच्या पूर्वेकडील सैन्यात वैद्याची जागा मिळाली. सप्टेंबर १८२२ मध्ये रॉटरडॅमहून त्याचे जहाज निघाले आणि १८२३ च्या फेब्रुवारीत जावा बेटावरील बाताव्हिया, म्हणजे आजचे जकार्ता, येथे पोहोचले. तेथील गव्हर्नर-जनरल फान डर कापेलन यांनी या तरुणाची विद्या पाहिली आणि त्याला जपानच्या वखारीवर वैद्य म्हणून पाठवले. रोग्यांना औषध देणे हे एक काम. जपान देशाची बारकाईने माहिती गोळा करणे हे दुसरे. डच लोकांचा व्यापार तेव्हा मंदावला होता, आणि तो वाढवायचा तर देशाची माहिती हवी होती. म्हणजे ज्ञानाची ओढ आणि व्यापाराची गरज या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून त्याच्या कामात एकत्र होत्या.

पंख्याच्या आकाराचे बेट

ऑगस्ट १८२३ मध्ये सीबोल्ट देजिमा येथे उतरला. देजिमा हे नागासाकीच्या बंदरात भर घालून केलेले बेट, आकाराने उघडलेल्या पंख्यासारखे, लांबी जेमतेम एकशेवीस मीटर. एका पुलाने ते शहराला जोडलेले आणि पुलावर सतत पहारा. जपानने त्या काळी परकीयांना दार बंद केले होते. युरोपीय लोकांपैकी फक्त डच व्यापाऱ्यांना तेथे राहण्याची मुभा होती, तीही ते धर्मप्रचार करीत नाहीत म्हणून. ख्रिस्ती धर्मावर देशात कडक बंदी होती.

सीबोल्ट डच नव्हता, आणि त्याचे डच उच्चार जपानी दुभाष्यांच्या कानाला खटकले. तेव्हा आपण हॉलंडच्या डोंगराळ भागातले आहोत, म्हणून बोलणे निराळे, असे सांगून वेळ मारून नेली गेली. हॉलंड हा सपाट देश. तेथे डोंगर कुठले! पण ते तेथे कोणाला ठाऊक नसावे.

वैद्य म्हणून त्याचे नाव लवकरच पसरले. नेत्ररोगावर तो करीत असलेल्या उपचारांची विशेष वाहवा झाली. डच माणसाला बेटाबाहेर जाण्याची बंदी असतानाही त्याला रोगी पाहण्यासाठी बाहेर जाऊ देत. १८२४ साली नागासाकीजवळ नारुताकी येथे त्याची शाळा सुरू झाली. जपानच्या निरनिराळ्या भागांतून तरुण वैद्य तेथे शिकण्यासाठी आले. सीबोल्ट रोग्यांकडून पैसे घेत नसे. मग लोक कृतज्ञतेने काही ना काही वस्तू आणून देत: एखादी लाखेची डबी, एखादे चित्र, एखादे हत्यार, एखादी मूर्ती. अशा रीतीने त्याचा संग्रह वाढू लागला.

आम्हां शिक्षकांना त्याची एक पद्धत फार आवडते. प्रमाणपत्र हवे असेल त्या शिष्याला तो डच भाषेत निबंध लिहावयास लावी. विषय जपानमधलेच असत: देवमाशाची शिकार, चहाची लागवड, बाळंतपणाच्या चालीरीती. शिष्यांची भाषा सुधारली आणि गुरूला घरबसल्या देशाचे ज्ञान मिळाले. वस्तू एका हातात आणि त्या वस्तूविषयी तेथील माणसाने लिहिलेले कागद दुसऱ्या हातात, असा हा संग्रह होता. त्याचे खरे मोल यातच आहे.

बुद्धाच्या मूर्तीमागचे हात

जपानी घरात बुद्धाचे देवघर असते. त्याला बुत्सुदान म्हणतात. आपले देवघर सुतार एकटा करील. पण चांगल्या बुत्सुदानामागे अनेक कारागीर असतात. एक लाकडाचे कपाट करतो, दुसरा कोरीव काम करतो, तिसरा लाख चढवतो, चौथा सोन्याचा वर्ख लावतो, पाचवा पितळी कड्या-कोयंडे घडवतो. लाखेचे काम तर अतिशय धीराचे. पातळ थर द्यायचा, दमट हवेच्या बंद कपाटात तो घट्ट होऊ द्यायचा, घासायचा, पुन्हा थर द्यायचा. मोठी लाकडी मूर्तीही पुष्कळदा एका ओंडक्यातून कोरीत नाहीत. निरनिराळे तुकडे कोरून जोडतात आणि आत पोकळी ठेवतात, म्हणजे लाकूड तडकत नाही. त्या पोकळीत कधी कधी धर्मग्रंथाचा गुंडाळा किंवा दात्यांची नावे ठेवलेली असतात. बाहेरून दिसत नाही, पण मूर्तीच्या पोटात माणसांची नावे असतात.

याशिवाय जपाची माळ, तिचे मणी आपल्यासारखेच १०८, लाकडाचा पोकळ मासा, ज्यावर ताल धरून सूत्रे म्हणतात, घंटा, वज्र, प्रवासात बरोबर नेता येईल अशी दारे असलेली लहानशी देव्हारी. हे सर्व हाताने केलेले आणि रोजच्या वापरातले.

जपानमधील बौद्ध देवतांचे एक जुने चित्रमय पुस्तक आहे. त्याचे नाव बुत्सुझो झुई. पहिली आवृत्ती १६९० ची. सीबोल्टने ते मिळवले आणि पुढे लायडनमध्ये त्याचा सहकारी योहान योजेफ होफमान याने ते जर्मन भाषेत समजावून दिले. युरोपीय वाचकाला जपानी देवतांची एवढी व्यवस्थित ओळख त्याआधी क्वचितच झाली असेल. आपल्या वाचकांना मात्र त्यातल्या कित्येक देवता ओळखीच्या वाटतील. हाती वीणेसारखे वाद्य घेतलेली बेंझाइतेन म्हणजे आपली सरस्वती. दाइकोकुतेन म्हणजे महाकाल. बिशामोनतेन म्हणजे वैश्रवण, अर्थात कुबेर. बोनतेन म्हणजे ब्रह्मा, ताइशाकुतेन म्हणजे इंद्र. गजमुखाचे कांगितेन हे तर आपल्या गणपतीचेच दूरचे रूप. भारतातून चीन, कोरिया आणि जपान असा प्रवास करता करता त्यांची नावे बदलली, पोशाख बदलले. पण कारागिराच्या हाताने ओळख टिकवून ठेवली. आपणही समुद्र ओलांडून आलेल्या माणसांची लेकरे. ही गोष्ट आपल्याला निराळी समजावून सांगायला नको.

उत्तरेकडची माणसे: ऐनू

१८२६ साली डच वखारीचा प्रमुख शोगुनला नजराणा देण्यासाठी एदो येथे, म्हणजे आजच्या टोकियोला गेला. सीबोल्टही बरोबर होता. प्रवास जाऊन-येऊन फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत चालला. नागासाकीचा चित्रकार कावाहारा केइगा सोबत होता आणि वाटेत दिसणारे सर्व काही चितारीत होता. एदोमध्ये सीबोल्टला मोगामी तोकुनाई नावाचे वृद्ध प्रवासी भेटले. जपानच्या उत्तरेकडील एझो बेटावर, ज्याला आज होक्काइडो म्हणतात, तोकुनाई तरुणपणापासून अनेक वेळा जाऊन आले होते. तेथील मूळ रहिवासी ऐनू. त्यांची भाषा, चालीरीती, झाडांचे प्रकार, प्रदेशाचे नकाशे या सर्वांचे ज्ञान तोकुनाईंनी मोकळ्या मनाने दिले. सीबोल्टने एझोची भूमी कधीच पाहिली नाही. ऐनूंविषयी त्याला जे कळले, ते अशा माणसांमुळे.

ऐनूंच्या भाषेला लिपी नव्हती. जे सांगायचे ते तोंडाने किंवा हाताच्या कामाने. अस्वल, अग्नी, नदी, झाड या सर्वांत ते कामुय, म्हणजे देवत्व, पाहतात. त्यांच्या पूजेची दोन साधने समजून घेण्यासारखी आहेत. पहिले इनाऊ. विलोसारख्या झाडाची सरळ काठी घेऊन ती चाकूने अशी तासतात की लाकडाच्या पातळ कुरळ्या पट्ट्या सुटून पडत नाहीत, तर केसांच्या झुपक्यासारख्या काठीलाच लटकत राहतात. ही मूर्ती नव्हे. ती देवाला दिलेली भेट आणि देवाकडे पाठवलेला दूत. बाहेर उघड्यावर इनाऊ रोवतात, आणि ऊन-पावसात ते जीर्ण होऊन जातात. तसेच व्हावे अशीच अपेक्षा असते.

दुसरे साधन इकुपासुय. साधारण वीतभराहून थोडी लांब, चपटी, कोरीव नक्षीची काठी. तिचे टोक मद्याच्या पेल्यात बुडवून काही थेंब देवाला अर्पण करतात. माणसाची प्रार्थना अडखळली, शब्द चुकले, तरी ही काठी ती पुरी करून देवापर्यंत पोहोचवते, अशी श्रद्धा. पुरुष काठ्या कोरतात. स्त्रिया एल्म झाडाची आतली साल भिजवून, तिचे धागे काढून कापड विणतात आणि त्यावर वळणावळणाची नक्षी भरतात.

बाहेरच्या लोकांनी ऐनू पुरुषाला पेल्यावर काठी धरून पिताना पाहिले, दाढीमिशा भरघोस आहेत हेही पाहिले, आणि त्या काठीचे नाव मिशा उचलण्याची काठी असे ठरवून टाकले. हेच नाव जपानी व युरोपीय लिखाणात फार काळ चालले. प्रार्थनेची वाहक असलेली वस्तू अशी गमतीची चीज होऊन बसली. कारण एवढेच की वस्तू पाहिली, पण करणाऱ्याला विचारले नाही. आपल्या पळी-पंचपात्राला कोणी चहाचा चमचा आणि पेला म्हटले, तर आपल्याला कसे वाटेल?

वादळ, नकाशे आणि शिक्षा

एदोमध्ये सीबोल्टची ओळख शोगुनचे खगोलशास्त्रज्ञ ताकाहाशी कागेयासु यांच्याशीही झाली. ताकाहाशींना एका रशियन दर्यावर्दीच्या जगप्रवासाचे पुस्तक हवे होते. सीबोल्टला जपानचा नकाशा हवा होता. दोघांनी अदलाबदल केली. जपानचा नकाशा परकीयाच्या हाती देणे हा तेथील कायद्याने मोठा गुन्हा होता. हाबू गेनसेकी नावाच्या नेत्रवैद्याने डोळ्याची बाहुली मोठी करणाऱ्या औषधाचे ज्ञान मिळवण्यासाठी शोगुन घराण्याचे चिन्ह असलेला झगा सीबोल्टला दिला. तेही निषिद्धच होते.

१८२८ च्या सप्टेंबरात नागासाकीत भयंकर वादळ झाले आणि सीबोल्ट ज्याने जाणार होता ते जहाज किनाऱ्यावर फेकले गेले. त्या जहाजातच नकाशे सापडले अशी कथा फार दिवस सांगितली जाई; परंतु एदोमध्येच संशय आधी उठला होता, असे अलीकडचे संशोधन सांगते. चौकशी सुरू झाली. पन्नासाच्या आसपास माणसे पकडली गेली, त्यांत दुभाषी होते आणि सीबोल्टचे शिष्यही होते. ताकाहाशी १८२९ साली तुरुंगातच मरण पावले. त्यांचे प्रेत मिठात ठेवून नंतर त्यांना मृत्युदंड सुनावण्यात आला. हाबू गेनसेकी यांचे पद व मालमत्ता गेली. सीबोल्टला मात्र देशातून कायमचे हद्दपार करण्यात आले. डिसेंबर १८२९ मध्ये तो जहाजावर चढला, आणि त्याच्या संग्रहाचा फार मोठा भाग हॉलंडला पोहोचला.

हा हिशेब आपण विसरू नये. ज्यांनी दिले त्यांनी भोगले. ज्याने घेतले त्याच्या पदरी कीर्ती आली. सीबोल्टने कपट केले असे आम्ही म्हणत नाही. मित्रांविषयी त्याला माया होती. परंतु परदेशी संग्रहालयाच्या काचेआड एखादी सुंदर वस्तू दिसली की ती देणाऱ्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न विचारावयास हवा.

ज्यांना मागे ठेवावे लागले, त्यांत त्याची जपानी सहचारिणी ताकी आणि १८२७ साली जन्मलेली मुलगी इने या दोघी होत्या. ताकीचे नाव त्याने एका फुलझाडाला दिले; फ्रेंचमध्ये ज्याला ओर्तांसिया म्हणतात त्याच जातीचे ते झाड. तसेच लाखेची एक गोल डबी आहे. तिच्या झाकणावर शिंपल्याचे तुकडे बसवून ताकीचे आणि आतल्या बाजूला लहानग्या इनेचे चित्र केलेले आहे. आठवण म्हणून ही डबी सीबोल्टजवळ होती. आज ती नागासाकीत जतन केलेली आहे. त्याच्या हजारो वस्तूंमध्ये ही एकच अशी, जिचा अर्थ कोणाला विचारण्याची त्याला गरज नव्हती.

लायडनचे घर

जुलै १८३० मध्ये सीबोल्ट हॉलंडला परतला. त्याच वर्षी बेल्जियममध्ये उठाव झाला, आणि त्या बाजूला पोहोचलेल्या संग्रहाचा काही भाग घाईने लायडनला आणावा लागला. लायडन हे विद्यापीठाचे गाव. कालव्याच्या काठी रापेनबुर्ग नावाच्या रस्त्यावर त्याचे घर होते. तेथे त्याने आपल्या वस्तू मांडल्या आणि लोकांना पाहण्यासाठी दार उघडले. मानवी व्यवहारातल्या वस्तूच सुमारे ५००० होत्या: भांडी, हत्यारे, कापड, घरांच्या लहान प्रतिकृती, मूर्ती, पूजेची साधने, आणि त्यांत ऐनूंच्या वस्तूही. वाळवलेल्या वनस्पती, प्राणी, पक्षी, मासे यांचे नमुने निराळेच.

डच सरकारने पुढे हा संग्रह विकत घेतला. लायडनचे मानववंश संग्रहालय आपली स्थापना १८३७ सालची मानते, आणि ते अशा संग्रहालयांपैकी जगातील अगदी जुन्यांत गणले जाते. २०२३ पासून त्याचे नाव वेरेल्डम्युझियम लायडन असे आहे. रापेनबुर्गवरील त्याच्या घरात २००५ पासून जपानविषयक संग्रहालय आहे, आणि तेही त्याच्याच नावाने ओळखले जाते.

त्याआधीही राजेरजवाड्यांकडे नवलाच्या वस्तूंचे संग्रह असत. शंख, भुसा भरलेले प्राणी, परक्या देवांच्या मूर्ती, सगळे एकाच कपाटात. पाहायचे आणि आश्चर्य करायचे, एवढाच त्यांचा उपयोग. सीबोल्टची दृष्टी निराळी होती. एका समाजाच्या वस्तू एकत्र, त्यांच्या कामाप्रमाणे लावाव्यात, म्हणजे पाहणाऱ्याला त्या लोकांचे जीवन समजेल, असा त्याचा विचार. १८४३ साली पॅरिसमधील विद्वान जोमार यांना लिहिलेले त्याचे पत्र छापून प्रसिद्ध झाले. त्यात अशा संग्रहालयांची उपयुक्तता त्याने मांडली. इतर लोकांविषयी आदर वाढेल हा त्याचा एक मुद्दा होता. व्यापाऱ्यांना आणि वसाहतीत जाणाऱ्या अंमलदारांनाही ती उपयोगी पडतील, हा दुसरा. दोन्ही मुद्दे त्याच्या मनात शेजारी शेजारी होते, आणि वसाहतीत जन्मलेल्या पूर्वजांच्या आम्हां वंशजांना ते दोन्ही वाचावे लागतात.

लायडनमध्ये त्याला मदत करणारेही होते. होफमान हा मूळचा गायक; एका खाणावळीत सीबोल्टशी गाठ पडली आणि तो आयुष्यभर जपानी भाषेचाच झाला. पुढे तो लायडन येथे जपानी भाषेचा पहिला प्राध्यापक झाला. बाताव्हियाहून आलेला को चिंग चांग नावाचा चिनी लेखनिक अक्षरे काढून देत असे. १८३२ पासून सीबोल्टचा निप्पोन हा मोठा ग्रंथ भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागला. जपानच्या प्राण्यांवर व वनस्पतींवरही मोठे ग्रंथ निघाले. १८४४ साली हॉलंडच्या राजाने शोगुनला पत्र पाठवून देशाचे दार उघडण्याचा सल्ला दिला. त्या पत्राचा मसुदा सीबोल्टचाच.

पुन्हा जपान आणि अखेर

१८४५ साली त्याने हेलेन फॉन गागेर्न हिच्याशी विवाह केला. त्यांना तीन मुलगे व दोन मुली झाल्या. जपानने हद्दपारी उठवल्यावर १८५९ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, थोरल्या अलेक्झांडरला घेऊन तो पुन्हा नागासाकीला गेला. तीस वर्षांनी ताकी आणि इने त्याला भेटल्या. इने आता प्रौढ स्त्री होती आणि वडिलांच्या जुन्या शिष्यांकडून वैद्यकी शिकली होती. पुढे १८७० साली तिने टोकियोत प्रसूतीचा दवाखाना काढला. पाश्चात्त्य वैद्यकी शिकलेल्या जपानमधील पहिल्या स्त्रियांत तिची गणना होते.

सीबोल्टची ही दुसरी खेप मात्र फारशी यशस्वी झाली नाही. शोगुनच्या सरकारचा सल्लागार म्हणून त्याला बोलावले आणि लवकरच दूर केले. १८६२ मध्ये त्याने जपान सोडले. बरोबर दुसरा मोठा संग्रह होता. तो शेवटी म्युनिकमध्ये राहिला. त्याच शहरात १८ ऑक्टोबर १८६६ रोजी त्याचे निधन झाले. त्याच्या कबरीवरचे स्मारक बौद्ध स्तूपाच्या घाटाचे आहे. व्यूर्झबुर्गच्या प्राध्यापकाचा हा मुलगा बुद्धाच्या देशातल्या कारागिरांच्या आकाराखाली चिरविश्रांती घेत आहे.

त्याचा दुसरा मुलगा हाइनरिश जपानात राहिला, स्वतः होक्काइडोला गेला आणि १८८१ मध्ये ऐनूंवर पुस्तक प्रसिद्ध केले. वडिलांनी जे ऐकून लिहिले, ते मुलाने पाहून लिहिले.

मागे काय राहिले

सीबोल्टच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत ऐनूंवर कठीण काळ आला. १८६९ साली जपान सरकारने एझोचे नाव होक्काइडो केले आणि बाहेरून वस्ती आणली. १८७१ पासून स्त्रियांचे गोंदणे, पुरुषांची कर्णभूषणे यांवर बंदी आली. १८९९ च्या कायद्याने त्यांना शेतकरी बनवून जपानी समाजात मिसळून टाकण्याचे धोरण पक्के झाले. शाळेत ऐनू भाषा नव्हती. मुलांना जी भाषा शाळेत मिळत नाही ती घरातूनही कशी निघून जाते, हे आम्हां मराठी शिक्षकांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. तो कायदा १९९७ साली रद्द झाला. २००८ मध्ये जपानच्या संसदेने ऐनू हे मूळ रहिवासी असल्याचा ठराव केला आणि २०१९ मध्ये ते कायद्यात लिहिले गेले. २०२० साली होक्काइडोतील शिराओई येथे राष्ट्रीय ऐनू संग्रहालय उघडले.

परंपरा तुटलेली असली की जुनी वस्तू पुस्तकाचे काम करते. काठी कुठे धरून तासली, नक्षी कुठून सुरू केली, धागा कसा वळला, हे जुन्या वस्तू पाहून पुन्हा शिकता येते. या दृष्टीने लायडनसारख्या ठिकाणी जपलेल्या वस्तू आज त्या लोकांच्याही उपयोगाच्या आहेत. मात्र नुसती वस्तू पुरत नाही. सीबोल्टने तोकुनाईंकडून ऐनू शब्द लिहून घेतले, शिष्यांकडून निबंध घेतले, होफमानकडून देवतांची नावे उलगडून घेतली. म्हणून त्याचा संग्रह अजून बोलतो. जिथे शब्द घेतला गेला नाही, तिथे प्रार्थनेची काठी मिशांची काठी झाली.

एक गोष्ट संग्रहालयाला कधीच साधत नाही. इनाऊ ऊन-पावसात झिजण्यासाठीच असतो. महाराष्ट्रात डहाणूकडच्या वारली स्त्रिया लग्नासाठी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, आणि तो पुढे पुसून जातो. आपण मातीचा गणपती हाताने घडवतो, पूजतो आणि समुद्रात सोडतो. अशा वस्तू टिकत नाहीत. टिकते ते करणाऱ्या हाताचे शिक्षण, आणि तेही पुढच्या वर्षी पुन्हा केले तरच.

म्हणून वाचकांना एक लहानसे काम सुचवतो. आपल्या घरात आजीच्या काळची समई असेल, ताम्हन, पळी, निरांजन, घंटा किंवा टाळांची जोडी असेल. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून प्रत्येकाचे नाव, तिचा उपयोग आणि ती कोणाकडून आली हे एका वहीत लिहून ठेवा. लिहिण्याचे काम मुलांना द्या, आणि लिहावयास मराठीतच सांगा.